स्क्रेप : पांढऱ्या शेपटीच्या हरणाची गंधखूण

उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा (ओडोकॉइलिअस व्हर्जिनिॲनस) नर शरद ऋतूत खुरांनी जमीन उकरून तेथे आपला गंध ठेवतो. त्या जागेला शिकारी ‘स्क्रेप’ म्हणतात. पालापाचोळ्यातून उघडी पडलेली माती चटकन डोळ्यांत भरते, पण खरी खूण असते ती वर लोंबणारी फांदी. नर ती चाटतो, चावतो, कपाळावरच्या व डोळ्यांजवळच्या ग्रंथी तिला घासतो. मग माती उकरून मागच्या पायांच्या सांध्यांवरील ग्रंथींवरून मूत्र तिच्यात सोडतो. माती काही आठवड्यांपुरती उकरली जाते. फांदीवर मात्र नर-माद्या वर्षभर येत असतात.

स्क्रेप म्हणजे एका बलाढ्य नराची मिरास, तेथे दबा धरून बसले की तो परतणारच, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. जॉर्जियातील संशोधकांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच स्क्रेपवर अनेक नर येताना दिसले, आणि सुमारे 85 टक्के वावर रात्रीचा होता. म्हणजे स्क्रेप हे घर नव्हे, गावची चावडी आहे : येणारा-जाणारा आपली वर्दी देतो आणि दुसऱ्याची घेतो. म्हणून मचाण स्क्रेपच्या डोक्यावर बांधण्यापेक्षा, हरणे दिवसा जेथे विसावतात त्या झाडोऱ्यातून स्क्रेपकडे येणाऱ्या वाटेवर, वारा सावजाकडून आपल्याकडे वाहील अशा बाजूला बांधणे सयुक्तिक ठरते.

यावर आक्षेप असा, की भर दिवसा स्क्रेपवरच नर टिपल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ती खरी आहेत, पण त्यांचे श्रेय जागेइतकेच वेळेला आहे. उत्तरेकडील राज्यांत समागमाचा भर नोव्हेंबरच्या मध्यास येतो आणि उकरणे त्याआधीच्या सुमारे दोन आठवड्यांत शिगेला पोचते. माद्या माजावर आल्या की नर त्यांच्या मागे लागतात आणि स्क्रेप ओस पडतात. माजाचा काळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरत असल्याने उत्तरेत तो दरवर्षी जवळपास त्याच सुमारास येतो. हे वेळापत्रक सर्वत्र लागू पडत नाही. एकट्या फ्लोरिडातच हा काळ भागागणिक जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत बदलतो.

बाटलीतले मूत्र ओतून कृत्रिम स्क्रेप करता येत असेल, तर हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न निघतो. अशी जागा नरांना ओढते हे खरे, परंतु तिलाही योग्य फांदी, वाट आणि वेळ लागतेच. शिवाय हरणांना होणाऱ्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या जीवघेण्या रोगाची कारक प्रथिने लाळेत व मूत्रात आढळतात. त्यामुळे काही राज्यांनी नैसर्गिक मूत्राच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. सारांश, स्क्रेप नर इथे येतो एवढेच सांगतो. तो कधी आणि कुठून येतो, हे शिकाऱ्याने भोवतालच्या रानावरून ताडायचे असते. उकरलेल्या मातीवर पाने साचू लागली, की ती चावडी उठली असे समजावे.