दुखवट्याच्या चार ओळी आणि आपली वंशावळ

गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामं आली होती, त्यांतलं एक काम आजकाल फारसं कोणी बोलून दाखवत नाही. गावात कोणाच्या घरी मयत झाली, की परगावच्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा पोचवायचा तो महारानं. ऊन असो की पाऊस, भाकरीचा तुकडा फडक्यात बांधायचा आणि पायी निघायचं. सगळ्या गावाच्या मरणाची बातमी ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या वाहिली, त्याचा स्वतःचा बाप कधी मेला, आजा कधी मेला, हे आज त्याच्या नातवाला सांगता येत नाही. विहारात येणाऱ्या तरुण मुलांना मी मुद्दाम विचारतो, "बाबा, तुझ्या पणजोबांचं नाव काय?" दहातली आठ मुलं आजोबांपाशीच थांबतात.

उच्चवर्णीयांचं तसं नाही. त्यांच्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापून बांधून ठेवलेले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत त्यांच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत. ज्या नाशकात काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून २ मार्च १९३० पासून आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, तिथं आपल्या पिढ्यांची वही कोण ठेवणार? म्हणून आपली माणसं सरळ म्हणून टाकतात, की आपल्याला काही लिहिलेला इतिहासच नाही. हे मला मान्य नाही. आपला इतिहास आपल्या वर्तमानपत्रांत आहे, आणि तो पहिल्या पानावर कमी व आतल्या पानाच्या कोपऱ्यात जास्त आहे.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. तो निघतो आहे एवढी जाहिरात पैसे घेऊन छापायलाही 'केसरी' तयार नव्हता. जिथं आमच्या जन्माची जाहिरात चालत नव्हती, तिथं आमच्या मरणाची बातमी कोण छापणार होतं? महाडच्या चवदार तळ्याचा संगर झाला २० मार्च १९२७ ला, आणि दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आली. ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनता'चंच नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. ही पत्रं आपण बाबासाहेबांच्या अग्रलेखांसाठी वाचतो. वाचलीच पाहिजेत. पण अग्रलेख वाचून झाल्यावर अंक मिटू नका. शेवटच्या पानांवर बारीक टायपात दुखवटे, शोकसभा आणि फंडाच्या याद्या असतात, तिकडं नजर टाका.

अशा मजकुराचा साचा साधारण ठरलेला. माणूस मूळ अमक्या तालुक्यातल्या अमक्या गावचा, मुंबईत अमक्या चाळीत राहणारा, अमक्या गिरणीत कामाला. अल्पशा आजारानं वारला. मागे एवढी मुलंबाळं. आणि शेवटी दुखवटा व्यक्त करणाऱ्या मंडळाचं नाव. चार ओळी. पण वंशावळ शोधणाऱ्याला त्या सातबाऱ्याइतक्या मोलाच्या. गाव कळलं, चाळ कळली, धंदा कळला, वारस कळले. गिरणीतलं खातं लिहिलेलं असेल तर तेही बघा. धागा तुटला की नवीन कांडीचा धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे. विटाळाच्या कारणानं साचे खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. म्हणून त्रासन खात्याचा उल्लेख आला, की त्या एका शब्दात त्या माणसाचा पगार आणि अपमान दोन्ही कळतात.

आता हे वाचायचं कसं ते सांगतो, कारण उगाच गोंधळ होतो. साप्ताहिक हे बातमी शिळी झाल्यावरच छापणार. अंकावरची तारीख ही मरणाची तारीख नव्हे. "गेल्या मंगळवारी" असं लिहिलेलं असेल, तर अंकाच्या तारखेवरून मागचा मंगळवार काढावा लागतो, आणि गावाकडून पत्रानं आलेली बातमी असेल तर त्याच्याही मागं महिनाभर जावं लागतं. तारीख पक्की धरू नये, वर्ष आणि महिना धरावा.

दुसरी भानगड आडनावांची. आपले जुने लोक नावापुढं 'नाक' लावत. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत अशी कितीतरी सापडतील. पुढं नाक गेलं, कोकणात 'जी' आलं, मग गावावरून 'कर' आलं. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणून शाळेत आंबडवेकर आणि पुढं आंबेडकर. त्यांच्या घरी तीन आडनावं, मग तुमच्या-आमच्या घरी दोन असली तर नवल काय! दुखवट्यात एक आडनाव, गिरणीच्या तिकिटावर दुसरं, आणि गावच्या दप्तरात नुसतं बापाचं नाव, असं एकाच माणसाचं सापडतं. म्हणून आडनाव धरून शोधू नका. आधी गाव धरा, मग नाव आणि बापाचं नाव.

तिसरी गोष्ट शब्दांची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या मरणाची भाषासुद्धा बदलली. आधी 'कैलासवासी', 'वैकुंठवासी', 'तेरावा', 'उत्तरकार्य'. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान सोडल्यावर कैलास कुठला आणि वैकुंठ कुठला? हळूहळू 'कालकथित' आलं, 'पुण्यानुमोदन' आलं, जिवंत माणसांच्या नावामागं 'आयुष्यमान' आणि 'आयुष्यमती' आलं. एकाच घरातले दोन दुखवटे मिळाले, एक जुन्या शब्दांचा आणि एक नव्या, तर त्या दोहोंच्या मधे केव्हातरी ते घर धम्मात आलं असा अंदाज करता येतो. मात्र 'कै.' दिसलं की दीक्षा घेतली नव्हती असं ठरवून मोकळं होऊ नये. जिभेची सवय जायला वेळ लागतो. आजही आपल्यातले काही जण पत्रिकेवर कै. छापून आणतात आणि मग भन्तेजी रागावतात.

आणि ६ डिसेंबर १९५६ नंतरचे अंक तर सोडूच नका. बाबासाहेब गेले तेव्हा चाळीचाळींतून, गावागावांतून शोकसभा झाल्या. त्यांच्या वृत्तांतात अध्यक्ष कोण होता, कोण बोललं, आभार कोणी मानले, अशी नावं येतात. मरण बाबासाहेबांचं, पण हजेरी लागलेली आहे ती आपल्या आज्या-पणज्यांची. रमाई २७ मे १९३५ ला राजगृहात गेल्या. त्या सुमाराचे अंकही याच दृष्टीनं पाहावेत.

बायांच्या बाबतीत मात्र ही पत्रंसुद्धा कमी पडतात, हे बोललं पाहिजे. पुरुष गेला तर नाव, गाव, गिरणी. बाई गेली तर "अमक्यांच्या मातोश्री", "तमक्यांच्या सुविद्य पत्नी", संपलं. माझ्या पणजीचं तसंच. तिच्या दुखवट्यात मुलाचं नाव ठळक आणि ती नुसती मातोश्री. घरात कोणालाच तिचं नाव ठाऊक नव्हतं, सगळे 'म्हातारी' म्हणायचे. ते नाव सापडलं दीक्षेनंतरच्या एका देणगीच्या यादीत. माझ्या आजोबांच्या भावानं तिच्या स्मरणार्थ एक रुपया दिला होता आणि पावती फाडणाऱ्यानं नीट नाव विचारून लिहिलं होतं, सखुबाई. तो लिहिणारा कोण होता देव जाणे (जुनी सवय, माफ करा), पण त्याचे उपकार आहेत. तेव्हापासून मी 'स्मरणार्थ'च्या याद्या आधी वाचतो.

हे सगळं हौसेचं काम आहे असं कोणाला वाटत असेल, त्यांच्यासाठी एक प्रकरण. आमच्या विहारातल्या एका उपासिकेच्या नातवाचा प्रवेश जात पडताळणीपायी अडला होता. बापाच्या दाखल्यावर नुसतं 'नवबौद्ध'. कचेरीतून मागणी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याची. आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत, तर दाखला आणायचा कुठून? मूळ गावही नक्की ठाऊक नव्हतं, नुसतं "महाडकडचे" एवढंच. चाळीसच्या दशकातल्या 'जनता'त त्या मुलाच्या पणजोबांचा दुखवटा मिळाला, त्यात गाव होतं, आणि आडनाव आजच्यापेक्षा वेगळं. दुखवटा हा काही सरकारी पुरावा नव्हे, तो दाखवून काम झालं नसतं. पण गाव आणि वर्ष हातात आल्यावर तहसील कचेरीत गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्याची नक्कल मागता आली. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात, वाचणारा गाठावा लागला. नोंद निघाली, जातीसकट. दोन आडनावांचा माणूस एकच हे दाखवायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पोराला प्रवेश मिळाला.

'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचा एकत्रित खंड महाराष्ट्र शासनानं १९९० साली काढला, तो बहुतेक विहारांत असतो. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'साठी मात्र अजून मोठ्या ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि काही अंक आपल्याच लोकांच्या घरी पडून आहेत. कागद इतका पिवळा, की उलटताना कडा हातात येते.

आमच्या विहारात यासाठी एक नोंदवही केली आहे. गावाप्रमाणे पानं, त्यात नाव, बापाचं नाव, चाळ, अंकाची तारीख. बायांचं नाव मिळालं तर लाल शाईनं. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला, फोटोच्या चौकटीमागं घातलेला असा जुना अंक ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तो रविवारी वंदनेनंतर घेऊन यावा. घडी उलगडू नये, आहे तसाच आणावा. आमच्या मुली मोबाईलवर पानांचे फोटो काढतात आणि अंक त्याच दिवशी परत मिळतो.