छायाचित्रातला काळोख कोण ठरवतो? जेऊर आणि तळणी, १८९८

१/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या गच्चीवरून आकाशाचे छायाचित्र घेणाऱ्यांचा एक समान अनुभव असतो. रात्र असूनही चित्रात काळा रंग सापडत नाही. शहराच्या दिव्यांमुळे पार्श्वभूमी करडी उमटते. मग आपण संगणकावर ‘ब्लॅक पॉइंट’ सरकवतो, म्हणजेच ‘याहून मंद ते सारे काळे’ असा निवाडा देतो. या निवाड्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातील एक प्रकरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडले.

२/ २२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावर उतरली आणि दख्खन व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या छावण्या होत्या. वऱ्हाडातील तळणी येथे वॉल्टर व अ‍ॅनी माँडर हे दांपत्य उतरले होते.

३/ सर्वांचे लक्ष्य एकच होते : सूर्याचे प्रभामंडल, म्हणजे करोना. त्यासाठी अवधी जेमतेम दोन मिनिटांचा. करोनाचा एकूण प्रकाश सूर्याच्या सुमारे दशलक्षांश असतो. शिवाय तो सर्वत्र सारखा नसतो. सूर्याच्या कडेलगत तेजस्वी असणारा हा प्रकाश काही त्रिज्या दूर जाताच हजारपटींनी आणि त्याहूनही अधिक मंदावतो.

४/ छायाचित्राच्या काचेला एवढी मोठी तफावत पेलत नाही. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्रयोगांनी दाखवले होते की काचेचा प्रतिसाद दोन्ही टोकांना बोथट होतो. अतिमंद प्रकाश जवळजवळ खूण सोडत नाही आणि अतितीव्र प्रकाशातील भेद पुसले जातात. त्यातच प्रकाश न पडताही विकसनानंतर काचेवर एक हलके रासायनिक धुके राहते. मंद किरण त्या धुक्यात बुडाला की गेलाच. आपल्या ‘ब्लॅक लेव्हल’चा हा पूर्वज.

५/ जेऊरला कॅम्पबेल यांच्याकडे ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. त्यांनी कमीअधिक काळाची अनेक उद्भासने घेतली. अल्प उद्भासनात सूर्याच्या कडेवरील ज्वाला स्पष्ट दिसतात, दीर्घ उद्भासनात बाह्य करोना. पूर्ण सत्य एकाही काचेवर नसते. म्हणूनच अनेक काचा समोर ठेवून एकच संयुक्त रेखाचित्र काढण्याची त्या काळी प्रथा होती. ब्रिटिश मोहिमांसाठी हे काम डब्ल्यू. एच. वेस्ली करत असत. आज आपण वेगवेगळी उद्भासने संगणकावर एकत्र करतो, ते याच कामाचे पुढचे रूप.

६/ तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा कॅमेरा लहान आणि आखूड नाभीय अंतराचा होता. त्यात प्रतिमा छोटी पडते, परंतु पसरट मंद प्रकाश थोड्या जागेत एकवटतो. त्यांच्या काचेवर करोनाचा एक किरण सुमारे ६० लाख मैलांपर्यंत गेलेला उमटला. तोवर इतका लांब किरण कोणीही छायाचित्रित केला नव्हता.

७/ ही नोंद करणाऱ्या अ‍ॅनी तेव्हा कोणत्याही वेधशाळेच्या सेवेत नव्हत्या. ग्रिनिच वेधशाळेतील गणकाची नोकरी त्यांना १८९५ मध्ये विवाहामुळे सोडावी लागली होती.

८/ आता कल्पना करा. ती काच कागदावर छापताना कोणी ‘पार्श्वभूमी स्वच्छ काळी हवी’ असा आग्रह धरला असता, तर तो किरण कागदावर उरलाच नसता. चित्र अधिक देखणे झाले असते आणि सूर्य मात्र लहान. करोनाचे द्रव्य अवकाशात अखंड वाहत असते, हे भाकीत यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये केले. सूर्य त्याच्या दृश्य कडेशी संपत नाही, याची खूण साठ वर्षे आधी वऱ्हाडातल्या एका काचेवर उमटली होती.

९/ आजच्या साधकांसाठी यातून निघणारा नियम साधा आहे. हिस्टोग्राममध्ये डावीकडे जो उंचवटा दिसतो, ती आकाशाची पार्श्वभूमी. ब्लॅक पॉइंट त्या उंचवट्याच्या पायथ्याआधीच थांबवावा. तो आत घुसला की तेजोमेघांच्या मंद कडा कायमच्या कापल्या जातात. आकाश गडद करडे राहू द्यावे. कॉन्ट्रास्ट टप्प्याटप्प्याने वाढवावा. मूळ फाइल जपावी आणि केलेले बदल लिहून ठेवावेत.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हाच नियम लागू पडतो. नायगमवालांची पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज जेऊर स्थानकावरून जाणाऱ्या किती जणांना नायगमवाला आठवतात? जुने छायाचित्र असो वा जुने दप्तर, त्यातील कोरा काळा भाग पाहताना विचारावे : इथे खरोखर काही नव्हते, की कोणीतरी रेघ इथेच ओढली?