न विंधता पाहणे

पेशवाई नथीतल्या मोत्याला आपण बसरा मोती म्हणतो. बसरा हे नुसते बंदर. मोती तिथे पिकत नव्हते. ते यायचे इराणी आखातातून, विशेषतः बहारीनच्या उत्तरेला समुद्रतळावर पसरलेल्या शिंपल्यांच्या थरांवरून, आणि ते काढणाऱ्यांचे मोठे ठाणे म्हणजे मुहर्रक बेट. ग्रीक लेखक या बेटाला अरादोस म्हणत. ते नाव आज विमानतळाजवळच्या अराद या गावाने सांभाळले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरिमर यांच्या इराणी आखाताच्या गॅझेटियरने बहारीनहून मोत्यांसाठी निघणाऱ्या होड्यांची संख्या ९०० हून अधिक दिली आहे. हा माल मुंबईला यायचा, इथे विंधला जायचा, दाण्यादाण्याने निवडला जायचा आणि मग पॅरिस-लंडनला रवाना व्हायचा. या व्यापाराची सगळी भिस्त नजरेवर होती. पाणी, गोलाई, वजन, रंग हे सारे वरून दिसणारे गुण, आणि ते पारखणाऱ्या माणसाला आत डोकावण्याची गरज कधी पडलीच नाही.

ती गरज जपान्यांनी निर्माण केली. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कवचाचा मणी कालवाच्या पोटात ठेवायचा आणि त्यावर मोत्याचा मुलामा चढू द्यायचा, ही मिकिमोतोंच्या नावाने गाजलेली युक्ती. १९२१च्या सुमारास असे गोल ‘कल्चर’ मोती लंडनच्या बाजारात आले आणि गोंधळ उडाला, कारण वरचा मुलामा खराच होता. फरक होता तो पोटात. मोती फोडून पाहिला तर खरे-खोटे क्षणात कळते, पण मग विकायला काय उरते? वैद्याचीही अडचण नेमकी हीच असते. यकृत कापून पाहिले तर गाठ दिसेल, पण ते रोग्याच्या कामाचे नाही. म्हणून मोत्याची पारख आणि शरीराचे चित्रण या मला एकाच विद्येच्या दोन शाखा वाटतात. दोन्हींत लोहचुंबकाची वाट सुरुवातीलाच सापडली होती, आणि दोन्हींत ती मागे पडली. ती चुकीची होती म्हणून मागे पडली, असे मात्र मला वाटत नाही. मागे पडण्याचे कारण पाहणाऱ्याच्या सवयीत आहे.

मोत्यापासून सुरुवात करू. मोत्याचा थर म्हणजे अ‍ॅरागोनाइट या चुनखडी खनिजाच्या सूक्ष्म चकत्या. नैसर्गिक मोत्यात त्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या केंद्राभोवती चढतात, त्यामुळे कोणतीही एक दिशा वरचढ ठरत नाही. कल्चर मोत्याच्या पोटातल्या मण्यात मात्र त्या सपाट, समांतर थरांत असतात. चुंबकीय क्षेत्र अ‍ॅरागोनाइटला किंचित दूर लोटते, आणि हे लोटणे स्फटिकाच्या सर्व दिशांना सारखे नसते. म्हणून प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये मोती टांगला, तर कल्चर मोती हलकेच वळून एका दिशेला स्थिर होतो आणि नैसर्गिक मोती जसा टांगला तसाच राहतो. या उपकरणाला मोत्याचे होकायंत्रच म्हणत. कल्पना देखणी होती, पण दाणा अगदी गोल असला तरच ती चाले. लंबगोल मोती आपल्या आकारामुळेही वळे. शिवाय व्यापाऱ्याच्या हाती पडे ते फक्त ‘वळला’ किंवा ‘नाही वळला’ एवढेच उत्तर. क्ष-किरणांनी फिल्मवर चित्र दिले. मण्याभोवतीचा सेंद्रिय थर किरणांना कमी अडवतो, म्हणून तो काळ्या रेषेसारखा उमटतो. भौतिकशास्त्राचा गंध नसलेल्या दलालालाही ती रेषा बोट ठेवून दाखवता येई. होकायंत्र पुस्तकांत राहिले, फिल्म बाजारात टिकली. बहारीनमध्ये कल्चर मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे आणि १९९०पासून तिथे मोती तपासणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. ती परंपरा २०१७मध्ये ‘दानात’ या संस्थेकडे आली. आज तिथे मोत्याचे क्ष-किरणांनी थरांथरांत, त्रिमितीत चित्रण होते. बंदी नुसत्या कागदावर न राहता अमलात येते, ती या यंत्रांमुळे.

शरीराच्या बाबतीत चुंबकाचे पारडे जड असायला हवे होते, कारण एमआरआय हे यंत्रच चुंबकाचे. रसायनशास्त्रज्ञ लॉटरबर यांनी १९७३मध्ये अशा प्रतिमांचा मार्ग दाखवला. पण निरोगी आणि रोगट पेशींत पाण्याचे वागणे बऱ्याचदा इतके सारखे असते की चित्रात फरक उठून दिसत नाही, म्हणून तो बाहेरून घालावा लागतो. गॅडोलिनियम या धातूचे औषध १९८८मध्ये आले, आणि ते जिथे पोचते तिथे चित्र उजळते. लोहाच्या ऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण साखरेच्या साखळ्यांत गुंडाळून शिरेतून दिले, तर यकृतातल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि निरोगी यकृत काळे पडते. गाठीत त्या पेशी नसतात किंवा नगण्य असतात, म्हणून गाठ उजळ राहते. १९९६मध्ये अमेरिकेने असे फेरिडेक्स नावाचे औषध मंजूर केले, आणि २००८मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले; शरीरातली मागे पडलेली चुंबकाची वाट ती हीच.

इथे आक्षेप येईल की हे औषध सवयीने नव्हे, गैरसोयीने मेले. ते सावकाश, अर्धा तास सोडावे लागे आणि काहींची पाठ दुखे. त्यातच यकृतासाठी वेगळे गॅडोलिनियमचे औषध मिळू लागले. हे सगळे मला मान्य आहे. पण गैरसोय तर गॅडोलिनियमचीही होती. मूत्रपिंड निकामी असलेल्यांची त्वचा घट्ट होत जाण्याचा गंभीर आजार २००६मध्ये त्याच्याशी जोडला गेला, आणि २०१७मध्ये युरोपने त्याच्या काही प्रकारांचा वापर थांबवला किंवा मर्यादित केला. तरीही ते रुग्णालयांत टिकले, कारण उजळ ठिपका शोधायला डोळा सरावलेला असतो. काळोख वाचायला वेगळी तालीम लागते; काळे काय, तर रक्तस्राव, हवा की औषध, हा संशय कायम राहतो. चित्र वाचणाऱ्याला कोणता खुणेचा ठिपका हवा, हे औषध निवडताना जेवढे वजनदार ठरते, तेवढे आपण मानत नाही.

लोहाचे कण मात्र पुरते गेले नाहीत. त्याच घराण्यातले फेरुमॉक्सिटॉल २००९मध्ये मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या पांडुरोगावर, म्हणजे लोह भरून काढायला, मंजूर झाले. गॅडोलिनियम चालत नाही अशा रोग्यांत काही डॉक्टर तेच चित्रासाठी वापरतात. २०१५मध्ये त्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल अमेरिकेने कडक इशारा छापायला लावला.

बहारीनमध्ये या लोहाची आणखी एक बाजू दिसते. तिथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वारसा बराच आढळतो, इतका की २००४पासून लग्नापूर्वीची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. ज्या रोग्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या यकृतात आणि पुढे हृदयात लोह साठते. ते साठते फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळीत, जेमतेम आठ नॅनोमीटरच्या जागेत, लोहाच्या ऑक्साइडसारख्याच रूपात. म्हणजे शरीराने स्वतःच कण तयार केलेले असतात. एमआरआयमध्ये असे यकृत औषधाशिवायच काळे दिसते, आणि तो काळेपणा किती लवकर येतो यावरून साठलेले लोह मोजता येते. मोत्यात बाहेरून काही घालता येत नाही, आतलाच थर वाचावा लागतो. तसेच या रोग्यांच्या यकृतात बाहेरून आणखी लोह घालण्यात अर्थ नसतो.