वाट कोणी सोडायची?

गेल्या महिन्यात अंजूरफाट्यावर माझं भांडण झालं. भांडण म्हणजे अगदी गाडीतून उतरून, समोरच्याची कॉलर धरून. हे लिहायला लाज वाटते आहे, पण नात्यातल्या निम्म्या लोकांपर्यंत बातमी आधीच पोचली आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

झालं असं. लेकीला क्लासहून घेऊन नारपोलीला परत येत होतो. डावीकडून एक टेम्पो घुसला आणि माझा आरसा उडवून पुढे अडकला. मी उतरलो. टेम्पोवाला जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा. "शेठ, सकाळी सहापासून गाडीवर आहे," एवढंच तो म्हणाला आणि मला तेही उद्धट वाटलं. आमच्यामागे एक म्हातारा हमाल हातगाडीवर यंत्रमागाचे दोन भीम घेऊन उन्हात उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "आधी वाट द्या, मग भांडा."

घरी येईपर्यंत लेक गप्प. जेवताना तिने विचारलं, "बाबा, तू त्याला मारणार होतास?" मला उत्तर देता आलं नाही. माझी बाजू आईने घेतली. "पूर्वी लोक असे नव्हते गं. हल्ली रस्त्यावर सगळेच पिसाळलेत."

मला हे वाक्य फार सोयीचं वाटलं. काळच बिघडला म्हटलं की आपल्या हाताचा प्रश्न मिटतो! पण ते खरं आहे का? त्या रात्रीपासून मी जरा जुनं-नवं वाचत बसलो, त्यातून जे हाती लागलं ते हे.

सगळ्यात जुनी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. कल्माषपाद राजा रानातल्या अरुंद वाटेने चालला होता. समोरून वसिष्ठांचा मुलगा शक्ती आला. वाट एकाच माणसापुरती. राजा म्हणतो तू बाजूला हो, शक्ती म्हणतो राजाने ब्राह्मणाला वाट द्यायची असते. दोघेही हटेनात. राजाने चाबूक मारला, शक्तीने शाप दिला, राजा राक्षस झाला आणि त्याने पहिल्यांदा शक्तीलाच खाल्लं. ग्रीकांच्या ईडिपसची गोष्टही अशीच. तिठ्यावर रथाला वाट देण्यावरून तंटा आणि त्यात त्याच्या हातून स्वतःचाच बाप मारला जातो. दोन्हीकडे एकच साधी गोष्ट आहे, वाट कोणी सोडायची. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात याचे नियमच आहेत. वाहन, ओझं वाहणारा, आजारी आणि स्त्री यांना सर्वांनी वाट द्यावी. नियम लिहावे लागले म्हणजे लोक आपणहून देत नव्हते, एवढं तर उघड आहे. (अंजूरफाट्यावरचा हमाल हे मला न वाचताच सांगत होता.)

आता इंग्रजांच्या काळात या. भारतीय दंड संहिता १८६० सालची, लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. तिच्यातलं कलम २७९ होतं बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल किंवा घोडा दामटण्याबद्दल. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लक्षात घ्या, कार्ल बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६ चं. म्हणजे मोटार जन्माला येण्याच्या चोवीस वर्षं आधीपासून आपल्याकडे बेफाम गाडी हाकणं हा गुन्हा होता! गाड्या घोड्यांच्या होत्या आणि बैलांच्या होत्या, पण हाकणारा माणूस हाच. गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर २८१ झाला, दंडाची मर्यादा मात्र तीच, हजार रुपये. १८६२ साली ती केवढी मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात माझ्या गाडीची टाकीही भरत नाही.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ते राजेरजवाडे. आपल्या गावात असं नव्हतं." मग मी तिला खोदून विचारलं. आजोबांची बैलगाडी होती, भाताची पोती त्यातूनच जायची. शेतातल्या अरुंद वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की रिकाम्या गाडीने खाली उतरायचं, भरलेलीने सरळ जायचं, असा रिवाज. सगळे पाळायचे? आई जरा घुटमळली. मग कळलं की एकदा समोरचा रिकामा असून हटेना, म्हणून आजोबांनी त्याच्या बैलाच्या पाठीत चाबूक ओढला होता. त्यावरून दोन घरांचं बोलणं दोन वर्षं बंद! हळदीकुंकूसुद्धा नाही. शेवटी एका लग्नात चार म्हाताऱ्यांनी बसवून मिटवलं.

म्हणजे राग होता. फक्त समोरचा कोण, कुठल्या घरचा, हे माहीत होतं. चाबूक ओढला तर त्याची किंमत दोन वर्षं मोजावी लागायची. मी ज्याची कॉलर धरली त्याचं नावही मला माहीत नाही आणि तो मला बहुधा पुन्हा भेटणारही नाही.

आता आकड्यांकडे वळू. १९७० साली देशात सुमारे १४ लाख वाहनं नोंदलेली होती. त्या वर्षी १ लाख १४ हजार अपघातांत साडेचौदा हजार माणसं गेली. २०२२ साली ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू. वाहनं दोनशेपटींहून जास्त झाली, अपघात चौपट आणि मृत्यू साडेअकरापट. वाहनामागे हिशेब केला तर आपण कितीतरी सुधारलो असंच म्हणावं लागेल. पण दुसरा हिशेब करा. १९७० मध्ये शंभर अपघातांमागे तेरा माणसं जायची, २०२२ मध्ये छत्तीस. लहानसहान अपघातांची नोंद होत नाही हे धरूनही फरक मोठा आहे. २०२२ च्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर मांडले गेले आहेत. राग मोजायचं यंत्र कोणाकडे नाही, त्यामुळे तो वाढला का याचं उत्तर हे आकडे देत नाहीत. पण तो राग ज्या लोखंडात बसून हिंडतो त्याचं वजन आणि वेग नक्की वाढलाय. आजोबांच्या बैलाला जेवढं पळता येत होतं तेवढीच त्यांच्या रागाची धाव होती.

मग कारण काय? १९३९ साली (आपला जुना मोटार वाहन कायदाही त्याच सालचा) अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या मंडळींनी मांडलं की माणसाची वाट अडली की त्यातून आक्रमकपणा निघतो. १९६८ मध्ये डूब आणि ग्रॉस या दोघांनी याचा एक मजेदार प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचा किती वेळात हॉर्न वाजवतो ते मोजायचं. पुढे महागडी गाडी असेल तर लोक थांबायचे, जुनाट असेल तर लगेच पों पों. हे वाचून मी ओशाळलो. टेम्पोच्या जागी एखादी मोठी काळी गाडी असती तर मी उतरलो असतो का? खरं सांगतो, नसतो उतरलो.

आणि वाट अडण्याबद्दल आम्हा नारपोलीकरांना कोणी सांगायला नको. ठाण्याहून काशेली, काल्हेर, अंजूरफाटा करत येणारा जुना आग्रा रस्ता. भिवंडी मागाची, त्यामुळे सुताच्या आणि कापडाच्या गाड्या होत्याच. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी हाकेच्या अंतरावर, म्हणून इथे गोदामं आली. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं गेली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीची आणखी वाढली. त्यात मेट्रो ५ चं काम. भाताची खाचरं गेली, त्यांवर पत्र्याची छपरं आली. आमच्याही एका तुकड्यावर आहे, भाडं आम्हीही घेतो. अवजड वाहनांना ठाण्यातून ठरावीक वेळातच सोडतात, म्हणून ती तासन् तास खोळंबतात आणि सुटली की गेलेला वेळ भरून काढायला धावतात.

इथे मला कौटिल्य आठवतो. अर्थशास्त्रात म्हटलंय की गाडी हाकणारा अजाण पोर असेल तर दंड गाडीत बसलेल्या मालकाला, मालक नसेल तर जो बसला असेल त्याला. हाकणारा सज्ञान असेल तर त्याला स्वतःला. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९९अ कलम आलं, त्याचा आशय हाच. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि आधी तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर त्याला जामीन मिळाला, तेव्हा हे कलम सगळ्यांच्या तोंडी होतं.

पण सज्ञान ड्रायव्हरचं काय? त्याला सहा वाजता गाडीवर बसवणारा, "दोनपर्यंत पोच" म्हणणारा कायद्याच्या कलमात येऊ शकतो, पण कोणाच्या तोंडी येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांच्या कैदेच्या तरतुदीवरून ट्रकवाले संपावर गेले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या. कॅनडातल्या टॅक्सीवाल्यांवरचा १९४९ चा एक अभ्यास सांगतो की वारंवार अपघात करणाऱ्यांचं गाडीबाहेरचं आयुष्यही विस्कटलेलं असतं. तो मी वाचला तेव्हा त्या पोराचा चेहरा डोळ्यापुढे आला. तो झोपतो कुठे, जेवतो कधी? त्याच्या टेम्पोत खोकी होती. तसली खोकी आमच्या दारात आठवड्याला दोन येतात आणि एक दिवस उशीर झाला तर तक्रार मीच करतो.

याने त्याची चूक पुसली जात नाही. त्या घुसण्याने हमालाचा पाय गेला असता. पण माझीही पुसली जात नाही. लेकीला मी शेवटी सांगितलं, "हो, मारणार होतो. आजोबा न बोलते म्हणून थांबलो." आजोबा म्हणजे तो हमाल. ती म्हणाली, "मग त्यांना थँक्यू म्हणालास?" नव्हतो म्हणालो.

असो. परवा धामणकर नाक्याजवळ पुन्हा एक हातगाडी आडवी आली, तसेच भीम लादलेली. मी थांबलो. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. लेक माझ्याकडे बघत होती. मी आरशात पाहिलं. नवा आरसा आहे, आठशे रुपये पडले.