‘पुढे चाल’ आणि पात्रता

शालेय क्रीडा स्पर्धांच्या बातम्यांत ‘पुढे चाल’ हे दोन शब्द आपण नेहमी वाचतो. समोरचा संघ आलाच नाही, किंवा सोडतीत जोडीला कोणी उरले नाही, की एखाद्या संघाला न खेळताच पुढची फेरी मिळते. संघ खूश होतो, शाळेच्या फळ्यावर अभिनंदनही लागते. पण त्या दिवशी मुलींनी खेळ काही शिकलेला नसतो.

आजचा माझा विषय फार मोठ्या मैदानावरचा आहे. देशोदेशींचे महिला फुटबॉल संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोचतात कसे, हे मला सांगायचे आहे. तो इतिहास चाळू लागलो तेव्हा लक्षात आले, की भारतीय महिला फुटबॉलची पन्नास वर्षांची गोष्ट ‘पुढे चाल’ आणि ‘पात्रता’ या दोन शब्दांतच सांगता येईल.

पात्रतेची शिडी आपल्याला नवी नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. उमरखेडच्या किंवा वणीच्या एखाद्या शाळेचा संघ तालुक्यातून जिल्ह्याला येतो. तिथे जिंकला तर अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीमच्या संघांशी खेळतो. तिथून राज्य, आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. जगाचे फुटबॉलही असेच चालते. फिफा ही जागतिक संघटना. तिच्याखाली सहा खंडीय महासंघ. विश्वचषकातल्या जागा या महासंघांना वाटून दिलेल्या असतात. आशियात महिलांसाठी वेगळी विश्वचषक पात्रता स्पर्धा नसते. आशियाई चषक हीच पात्रता फेरी. त्यात वरच्या क्रमांकावर येणारे देश विश्वचषकाला जातात. आणि आशियाई चषकात शिरण्यासाठी आधी त्याची स्वतंत्र पात्रता फेरी जिंकावी लागते. म्हणजे आशियाई चषक हा आपला विभाग, तर विश्वचषक हे राज्य, असे समजा.

ही शिडी मुळात महिलांसाठी नव्हतीच. इंग्लंडमध्ये १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या मैदानावर महिलांचा सामना पाहायला ५३ हजार माणसे जमली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. खेळ स्त्रियांना योग्य नाही, असे कारण दिले गेले. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. १९७१ साली मेक्सिकोत महिलांची जागतिक स्पर्धा झाली, लाखाच्या घरात प्रेक्षक आले, पण फिफाने तिला मान्यता दिली नाही. १९८६ च्या फिफा अधिवेशनात एलन विले या नॉर्वेच्या प्रतिनिधी व्यासपीठावर गेल्या आणि महिलांचा विश्वचषक हवा, अशी मागणी त्यांनी केली. पहिला विश्वचषक त्यानंतर पाच वर्षांनी, १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. त्यात १२ संघ होते. २०२३ मध्ये ते ३२ झाले.

आशियात मात्र स्त्रियांनी परवानगीची वाट पाहिली नव्हती. त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली आणि १९७५ साली हाँगकाँगला पहिली आशियाई स्पर्धा भरवली. सहा संघ आले आणि विजेता ठरला न्यूझीलंड! न्यूझीलंड आशियात कसे, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. जो येईल तो आपला, असा तो काळ होता. त्याच १९७५ साली आपल्याकडेही महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

तिसरी आशियाई स्पर्धा केरळात, कालिकतला. १९७९ ची ही स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी १९८० मध्ये झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले. ऑस्ट्रेलियाच्या नावावर त्यांच्या एका राज्याचा संघ आला होता. भारत अंतिम सामन्यात तैवानकडून हरला आणि उपविजेता ठरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये आपण तिसरे आलो. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी थायलंडशी, आणि पुन्हा उपविजेतेपद. बंगालच्या शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

आशियात दोनदा दुसरे येणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्या मुलींचे श्रेय मला जराही कमी करायचे नाही. त्यांच्याकडे ना पैसा होता, ना प्रशिक्षणाची सोय. पण त्या स्पर्धांना पात्रता फेरी नव्हती, हेही खरे. ज्या देशात संघ होता आणि तिकिटाचे पैसे उभे राहिले, तो देश खेळला. आपण लवकर उठलो म्हणून पुढच्या बाकावर बसलो. बाकीचे देश अजून जागे व्हायचे होते.

१९८६ साली आशियाई महिला संघटना मुख्य आशियाई महासंघात विलीन झाली. त्याच वर्षी चीनचा संघ पहिल्यांदा आला आणि जिंकून गेला. १९९९ पर्यंत त्याने ओळीने सात वेळा ही स्पर्धा जिंकली. १९९१ मध्ये जपानच्या फुकुओका शहरात स्पर्धा झाली, तेव्हा तिला पहिल्यांदा विश्वचषकाचे तिकीट जोडलेले होते. नऊ देश खेळले. चीन, जपान आणि चायनीज तैपेई, म्हणजे आपण ज्याला तैवान म्हणतो तो संघ, विश्वचषकाला गेले. त्या नऊ देशांत भारत नव्हता. आठ वर्षांपूर्वीचा उपविजेता, दार उघडले त्या दिवशी घरीच होता. माझ्या मते भारतीय महिला फुटबॉलचा सर्वांत मोठा पराभव हाच, आणि तो कुठल्याही धावफलकावर नोंदलेला नाही.

त्यानंतर भारत परतला. १९९५ च्या स्पर्धेत मणिपूरची १५ वर्षांची ओइनाम बेमबेम देवी पहिल्यांदा देशाकडून खेळली. पुढे २०२० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. २००३ पर्यंत आपला संघ आशियाई स्पर्धेत जात राहिला, कारण प्रवेश तसा खुलाच होता. २००६ पासून मुख्य स्पर्धेतल्या जागा मर्यादित झाल्या आणि पात्रता फेरी सुरू झाली. इथे आपली परीक्षा झाली आणि आपण अडकलो. २००३ नंतर तब्बल १९ वर्षे भारत आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत दिसला नाही. दक्षिण आशियाई स्पर्धा २०१० ते २०१९ या काळात आपण ओळीने पाच वेळा जिंकलो, पण त्या अंगणाबाहेर पाऊल पडत नव्हते. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायलाही २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला.

आता महाराष्ट्रातला प्रसंग सांगतो. २०२२ चा आशियाई चषक भारताकडे आला आणि सर्व सामने आपल्या राज्यात ठेवले गेले. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे फुटबॉल मैदान आणि पुण्याचे बालेवाडी. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. आपल्या भाषेत, ‘पुढे चाल’. संघ १२ होते आणि तिकिटे पाच, शिवाय ऑस्ट्रेलिया २०२३ च्या विश्वचषकाचा सहयजमान म्हणून आधीच आत होता. बाद फेरीत एक सामना जिंकला की विश्वचषक, इतके ते स्वप्न जवळ होते.

२० जानेवारी २०२२ रोजी भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. दुसरा सामना २३ तारखेला चायनीज तैपेईशी होता. त्याआधी करोनाच्या चाचण्यांमध्ये आपल्या इतक्या खेळाडू बाधित निघाल्या, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना झाला नाही. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. स्वतःच्या घरी भरलेल्या स्पर्धेत भारताच्या नावापुढे एकही सामना उरला नाही. त्यात मुलींचा दोष नव्हता. पण १९ वर्षांनी हाती आलेली ‘पुढे चाल’ चार दिवसांत निघून गेली, आणि मागे शिडी नसल्याने पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले.

त्याच मैदानांवर दुसऱ्या कोणाचे नशीब उघडले, तेही पाहा. ३० जानेवारीला बालेवाडीत फिलिपिन्सने चायनीज तैपेईला टायब्रेकरमध्ये हरवले आणि आपल्या देशाच्या इतिहासात पहिल्यांदा विश्वचषक गाठला. व्हिएतनामच्या संघातही करोना शिरला होता. तरी तो टिकून राहिला आणि ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत चायनीज तैपेईला २-१ असे नमवून त्यानेही पहिले तिकीट मिळवले. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमध्ये फिलिपिन्सने यजमानांनाच १-० ने हरवले. व्हिएतनाम आणि फिलिपिन्सचा विश्वचषकाचा रस्ता महाराष्ट्रातून गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

२०२२ च्याच ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. इथेही यजमान म्हणून थेट प्रवेश होता. निकाल असे : अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. ‘पुढे चाल’ आपल्याला मैदानापर्यंत नेते, त्यापुढे नेत नाही.

म्हणूनच २०२५ चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. मार्च २०२६ मधील ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकासाठी १२ जागा होत्या. यजमान ऑस्ट्रेलिया आणि मागच्या स्पर्धेतले पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान, थेट आत. उरलेल्या आठ जागांसाठी ३४ देशांचे आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त विजेता. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही. भारताचा गट थायलंडमध्ये, चियांग माई शहरात खेळला. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असे हरवले. थायलंडनेही हेच तिन्ही संघ लोळवले होते. शेवटच्या सामन्याआधी दोघांचे गुण सारखे आणि गोलफरकही सारखाच, २२. समोरचा थायलंड २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेला, आणि मैदान त्याचेच.

५ जुलै २०२५ चा तो सामना भारताने २-१ असा जिंकला. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषक गाठण्याची भारताची ही पहिलीच वेळ. त्याच ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील मुलींनीही म्यानमारमध्ये आपली पात्रता फेरी जिंकली. या तिकिटांवर यजमानपदाचा शिक्का नव्हता.

या मुली कुठून येतात? निजामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यावरची सौम्या गुगुलोथ, ओडिशाची प्यारी खाखा, पंजाबची मनीषा कल्याण. आणि मणिपूरच्या तर कितीतरी. मणिपूरचे आकडे आपण जरूर लक्षात ठेवावेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्या राज्याची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाख. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची पावणेअठ्ठावीस लाख. म्हणजे माणसांच्या हिशेबात मणिपूर आणि यवतमाळ जवळजवळ सारखे. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा मणिपूरने वीसपेक्षा अधिक वेळा जिंकली आहे. २०२३ पासून त्या करंडकाला नाव आहे राजमाता जिजाबाईंचे. नाव आपल्या जिजाऊंचे, आणि करंडकाचा मुक्काम मात्र बहुतेक इंफाळला!

मणिपूरच्या मुली काही वेगळ्या मातीच्या नाहीत. फरक सामन्यांच्या संख्येचा आहे. तिथे गल्लीगल्लीत क्लब आहेत, मुलींना लहानपणापासून हरायला आणि जिंकायला समोर कोणीतरी मिळते. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात फुटबॉलसाठी मुलींचा एकच संघ नोंदला गेला, तर तो न खेळता जिल्ह्याला येतो. जिल्ह्यात तीनच संघ आले, तर एका सामन्यात अंतिम फेरी. मग विभागात पहिलाच खरा सामना होतो, आणि तिथे आठ-दहा गोल बसले की आपण म्हणतो, मुलींना जमत नाही. भारतीय संघाचे पंचवीस वर्षे नेमके हेच झाले होते.

म्हणून शिक्षक आणि पालक यांना माझे सांगणे एवढेच. शाळेचा मुलींचा संघ असेल तर उत्तमच. पण शेजारच्या शाळेतही एक संघ उभा राहील असे पाहा. आपल्या संघाला तालुक्यात हरवू शकेल असा दुसरा संघ हवा. पांढरकवड्याला, पुसदला, दारव्ह्याला, नेरला असे दोन-दोन, तीन-तीन संघ झाले, तर ‘पुढे चाल’ हे शब्द निकालातून आपोआप कमी होतील. त्यातली एखादी मुलगी पुढे चियांग माईसारख्या मैदानावर उभी राहील की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तिला निदान तालुक्यात एक सामना खेळायला मिळालेला असेल.