हाताच्या खोडी: ठाणे-कल्याण पट्ट्यातील लढतीचे खेळ आणि त्यांची साधने

दोन खेळाडूंनी पडद्यावरील एकेका योद्ध्याला ठोसे, लाथा आणि बचाव यांच्या बळावर समोरासमोर झुंजवायचे, अशा व्हिडिओ गेमला लढतीचा खेळ म्हणतात. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने 1991 मध्ये त्याला आजचे रूप दिले आणि नव्वदच्या दशकात तो ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील स्थानकालगतच्या अरुंद गाळ्यांत थाटलेल्या पार्लरांत पोहोचला. या पट्ट्यात साधनाची निवड खेळाडूच्या हाती क्वचितच होती. जे यंत्र गाळ्यात उभे असे किंवा घरात येई, त्यावरच हात बसे, आणि एका साधनाने लावलेली सवय पुढच्या साधनावर खोड ठरे.

पार्लरमधील कपाटवजा यंत्राला दांडा आणि बटणे असत. दांड्याच्या तळाशी चार दिशांचे चार छोटे स्विच असतात आणि शेजारचे दोन स्विच एकदम दाबले गेले तरच तिरकी दिशा नोंदली जाते. हादोकेन, म्हणजे तळहातांतून सुटणारा ऊर्जेचा गोळा, हा खाली, तिरके पुढे आणि पुढे असा दांडा फिरवून ठोशाचे बटण दाबल्यावर निघतो; साहजिकच दांडा जरासा ढिला झाला, तरी चालणे-उडी शाबूत राहून नेमका हाच डाव फसे. बटणांची अडचण निराळीच होती. यंत्रातील तारांच्या ‘जामा’ या प्रमाणित जोडणीत ‘स्ट्रीट फायटर टू’ला लागणाऱ्या सहाही बटणांची सोय नव्हती, लाथांसाठी जादा तारा ओढाव्या लागत, आणि त्या न ओढलेल्या यंत्रात योद्ध्याला जणू पायच नसत. ‘किंग ऑफ फायटर्स 97’ला मात्र चार बटणे पुरत. (याच गाळ्यांतला लाडका ‘मुस्तफा’, अर्थात ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, हा या अर्थाने लढतीचा खेळ नव्हे, त्यात खेळाडू एकमेकांच्या साथीने लढतात, म्हणून तो अधू दांड्यावरही निभावून जाई.)

घरी आला तो निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉम यंत्राच्या नकलांमधून, कॅसेट घालून चालणारा खेळ. त्याच्या हातात धरायच्या कंट्रोलरला सर्रास ‘रिमोट’ म्हटले जाई. त्यावरील अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशाबटण गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये हातातल्या छोट्या खेळयंत्रासाठी योजले होते. दांड्याला सारे मनगट लागते, तर इथे सगळा भार एकट्या अंगठ्यावर पडे आणि तो सोलवटून निघे. शिवाय ठोसा व लाथ यांना एकेकच बटण उरल्याने हलका, मध्यम आणि जोरदार हा सहा बटणांतला भेदच मावळला.

पुढे तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन खेळू देणारी दुकाने आली. ‘टेकन’ला प्रत्येक हातापायास एक अशी चार बटणे लागत आणि ती त्या कंट्रोलरवर चपखल बसत. त्यावरील लहान गोल दांडीचे मात्र तसे नव्हते. ती कितीही अंशांत कलते, त्यामुळे दिशा कुठे संपली हे हाताला कळत नाही.

सर्वांत गैरसोयीचे साधन सायबर कॅफेतील कीबोर्ड. साध्या कीबोर्डमध्ये कळांची जोडणी आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असल्याने काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की एक नोंदलीच जात नाही, आणि एका कीबोर्डावर दोघे झुंजले की एकाच्या हल्ल्याने दुसऱ्याचा बचाव गिळला जाई. अशा वेळी हरणाऱ्याने कळेला दोष दिला तर तो रडीचा डाव नव्हता.

गंमत अशी की आजचा महागडा दांडाविरहित कंट्रोलर कीबोर्डच्याच तत्त्वावर, दिशांना चार बटणे देऊन बनतो. डावे-उजवे एकदम दाबता येणे ही त्याची खोट. त्यातून मिळणारा अवाजवी लाभ रोखण्यासाठी स्पर्धांना नियम करावे लागले. डिसेंबर 2022 मध्ये भारत सरकारनेही अशा स्पर्धांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सला, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ पदकासाठी खेळला गेला. अशा स्पर्धांना खेळाडू आपला कंट्रोलर घरून घेऊन जातो.