मुनेरबींचा मेहबूब

शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. हे वर्गात सांगितलं की एखादा तरी विचारतोच, ‘सर, मग ते मराठीत कसे गायचे?’ उत्तर बार्शीतल्या त्यांच्या घरात आहे. १९१६ साली जन्मलेल्या मेहबूबला मराठी लोकगीतांचा वारसा दिला तो आई मुनेरबींनी. पुढे गरिबीने बसवर क्लीनर केलं, गिरणीत नेलं. संपापायी तुरुंगही घडला. त्यांना लाल बावट्याने घडवलं, असं सगळे म्हणतात. खरंय, पण अर्धंच. पक्षाने विषय दिले. गळ्यातली मराठी आईची होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं दणाणली ती याच आवाजाने. त्यांची लेक मलिका, तीही मराठीतच कवयित्री झाली.